मी, ओव्हरसेलर

४ मार्च

ही रोजनिशी फुकट मिळाली. फोमच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या खाली एक झोपलेलं बाळ छापलंय. आजपासून रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

उद्यापासून गाद्यांच्या दुकानात नोकरी. भावजी तिथला टेम्पो चालवतात, त्यांनी मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. तशी गरज नव्हती. मी नुसता समोर जाऊन उभा राहिलो असतो तरी काम झालं असतं. पण भावजींचा उत्साह मोडवेना. भावजींना उत्साह आला की ते मान हलवतात. नाही आला तरी हलवतात.

तीन महिने ट्रायल, मग कायम. जेवताना ताईने बजावलं की ही नोकरी सुटली तर माझी बॅग ती स्वतःच्या हाताने भरेल आणि मी सरळ बाबांच्या पंक्चरच्या दुकानात. वर म्हणाली, ह्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणासाठी तोंड उघडलंय, तेवढं ध्यानात ठेव.

ताईला माझा अनुभव दिसत नाही. फोटो स्टुडिओ, पेट्रोल पंप, बोटीचा धक्का, फिरतं पुस्तक प्रदर्शन. लोक याला नोकऱ्या सुटणं म्हणतात. मी याला तयारी म्हणतो.

५ मार्च, दुपार, दुकानात

दुकान लांबट आणि अरुंद. दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या, मधल्या पट्ट्यात आडव्या. सगळ्यांवर प्लास्टिक. कुणी बसलं की कर्र वाजतं. नवीन फोमचा वास नाकात बसतो आणि जेवणात उतरतो.

माझ्याशिवाय विकायला एक काकू आहेत. त्या गल्ल्याशेजारी बसून स्वेटर विणतात. मी मनात त्यांचं नाव लोकरकाकू ठेवलं. गिऱ्हाईक आलं की लोकरकाकू उठत नाहीत, सुईनेच दिशा दाखवतात. इकडे मऊ, तिकडे कडक, चपला काढून झोपून बघा. संपलं. पुन्हा टाके. असं कुठे विकतात का? संकल्प: लोकरकाकूंना सुधारणे.

मालक बुटके, सभ्य. त्यांना ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी ओरडायला बंदी केलीय. माझं निरीक्षण असं की मालक मराठीत बोलले की काम सांगतात आणि इंग्रजीत बोलले की मान देतात. भावजींशी ते कायम मराठीत बोलतात. बिचारे भावजी.

९ मार्च

पहिली विक्री. नवराबायको एक उशी घ्यायला आले होते. जाताना डबल गादी, चार उशा आणि वरचं वॉटरप्रूफ कव्हर घेऊन गेले.

काय बोललो ते लिहून ठेवतो, पुढे मुलाखत द्यायला उपयोगी पडेल. गादीत पाच थर आहेत. मी सात सांगितले. वरचं कापड आणि खालचं कापड धरलं तर होतात सात. हा फोम अंतराळात जाणाऱ्यांसाठी शोधला असंही सांगितलं. ते लोक झोपत असतीलच ना कशावर तरी.

बाईंनी विचारलं, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गादी वर कोण आणणार. दुकानाचा नियम असा आहे की टेम्पो इमारतीच्या दारापर्यंत, पुढचं गिऱ्हाइकाने बघायचं. पण नियम हे डोकं न चालणाऱ्यांसाठी असतात. मी म्हटलं, आमचा माणूस वर आणेल, पलंगावर घालून देईल, जुनी गादी खाली नेईल, तुम्ही फक्त दार उघडा.

भावजी संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चौथा होता.”

मी म्हटलं हो. आणखी काही बोलले नाहीत. कौतुक त्यांना शब्दांत मांडता येत नाही.

१५ मार्च

मधले दिवस लिहायचे राहिले. कारण आहे. रोज पहाटे उठून व्यायाम आणि रोज पाच इंग्रजी शब्द असा संकल्प केला होता, त्याच्या तयारीत वेळ गेला.

आज गोडाऊनमध्ये मुंग्या एक मेलेली गांधीलमाशी ओढून नेताना दिसल्या. पन्नासएक असतील. कुणी पंख धरलेला, कुणी पाय. एकटी कुणीच उचलत नव्हती. बघता बघता जेवायची वेळ झाली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली म्हणे. लोकरकाकूंनी दोन्हींना सुई दाखवली आणि दोघांनी घेतलं. नशीब.

२० मार्च

महत्त्वाचा दिवस. या पानाच्या कोपऱ्याला घडी घालून ठेवली आहे.

सकाळी शटर उघडल्यावर मालकांनी सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे मी, लोकरकाकू आणि दाराशी भावजी. मालकांनी आधी एक गोळी घेतली. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलायला लागले. बरंच बोलले. सगळं कळलं नाही, पण एक शब्द तीनदा आला: ओव्हरसेल. आणि शेवटी बोट माझ्याकडे करून म्हणाले, “यू आर अ‍ॅन ओव्हरसेलर.”

लोकरकाकूंची सुई थांबली. भावजींनी मान खाली घातली, भरून आलं असणार.

मला अर्थ लागायला वेळ लागला नाही, कारण आमचे मामा ओव्हरसियर होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत पुलाच्या कामावर जायचो. मामा जीपमधून उतरले की खोदणारे उभे राहायचे. मामा काहीच करायचे नाहीत, फक्त बघायचे. त्यांनीच सांगितलं होतं, सियर म्हणजे बघणारा आणि ओव्हरसियर म्हणजे बघणाऱ्यांच्याही वरचा. तर मग सेलर म्हणजे विकणारा, आणि ओव्हरसेलर म्हणजे?

पंधरा दिवसांत प्रमोशन.

मी थँक्यू म्हटलं. मालकांनी डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. हळवा माणूस.

२१ मार्च

घरी सांगितलं. ताईचा विश्वास बसेना. तिने विचारलं, मालक बरे आहेत ना? मग भावजींकडे वळून खात्री करून घेतली. भावजी ताटाकडे बघत म्हणाले, हो, तसं म्हणाले खरे. ताई म्हणाली बरं, पण तू आता जास्त ओव्हर करू नकोस म्हणजे झालं.

ताईचा हा ओव्हर वेगळा. अडाणी लोकांनी तो खराब केला. खरा ओव्हर बघा. ओव्हरटाइम: जादा पगार. ओव्हरटेक: पुढे जाणं. ओव्हरकोट: सगळ्या कपड्यांच्या वर. टाकी ओव्हरफ्लो झाली म्हणजे पाणीच पाणी. ओव्हरअ‍ॅक्टिंगला लोक नावं ठेवतात, पण ती करायला आधी अ‍ॅक्टिंग यावी लागते. क्रिकेटची ओव्हर तर बोलायलाच नको. सहा चेंडू, सहा संधी.

झोपायला गेलो तर एकही वाईट ओव्हर आठवेना. ओव्हरलोड आठवला, पण तो टेम्पोचा विषय आहे, भावजी बघतील.

२६ मार्च

दुकानाशेजारी पाट्या रंगवणारा पेंटर बसतो. त्याच्याकडून लाकडी पाटी करून घेतली. त्याने विचारलं ओव्हरसियर लिहायचं ना, तो शब्द हाताच्या सवयीचा आहे. मी म्हटलं, त्याच्या एक पायरी पुढचं.

पाटी ऑर्थो गादीच्या वर खिळ्याला लावली. ओव्हरसेलर. पिवळ्यावर काळं, लांबून दिसतं. लोकरकाकूंनी चष्मा वर करून वाचलं आणि इतक्या हसल्या की त्यांचे टाके गळले. जळतात. साहजिक आहे, आता त्या माझ्या हाताखाली आल्या.

मालक आले. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग “अनबिलीव्हेबल” म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. पुन्हा इंग्रजी. लोकरकाकूंनी त्यांना विचारलं, काढायला सांगू का? आतून मराठीत आवाज आला की असू दे, निदान गिऱ्हाइकाला आधीच कळेल.

हेच तर मी म्हणतोय.

२ एप्रिल, दुपार

आज एक बाई आल्या. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त. पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग विचारलं, हे कोण? मी म्हटलं, मीच. किती वर्षांचा अनुभव? मी म्हटलं, अनुभवाने नाही मिळत बाई, अंगात असावं लागतं.

बाई स्प्रिंगच्या गादीवर जाऊन बसल्या आणि हसता हसता खालीवर व्हायला लागल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी मला वर्गात उभं केल्यासारखं समोर उभं केलं आणि सांगायला लागल्या. ओव्हरसेल म्हणे दोन अर्थांनी वापरतात. एक, माल आहे त्यापेक्षा इतका चढवून सांगायचा की ऐकणाऱ्यालाच संशय यावा. दुसरा, आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त विकून बसायचं, म्हणजे खुर्च्या शंभर आणि तिकिटं दीडशे. आणि कुणी हा शब्द तोंडावर म्हटला तर तो शाबासकी नसून आवर घातलेला असतो.

मी म्हटलं, वाक्यात उपयोग करून दाखवा. शाळेत आम्हाला हेच करायला लावायचे.

बाई म्हणाल्या, “डोन्ट ओव्हरसेल इट.”

म्हणजे?

“म्हणजे एवढं काय सांगतोस रे, शेवटी गादी आहे.”

बाईंचं वय झालंय. त्या रिटायर झाल्यावर इंग्रजी थांबलं नाही, पुढे गेलं. त्यांना मी मामांचा दाखला दिला तर म्हणाल्या, तुझे मामा वरून बघायचे, तू वरून ओततोस. वादात हरलं की लोक कोट्या करतात.

त्या पाचव्या मजल्यावर राहतात, पलंग जुना, वेगळ्याच मापाचा, शिवाय एका पायाने डुगडुगतो. मी सांगितलं की गादी तुमच्या मापाची बनवून देऊ, वर आणून घालू आणि पलंगाचं डुगडुगणंही बंद करून देऊ. बाई म्हणाल्या, विचार करते. जाताना लोकरकाकूंशी दोन मिनिटं बोलल्या आणि ऑर्डर त्यांच्याकडे देऊन गेल्या. जमीन मी नांगरली, पीक काकूंच्या नावावर. असो. हाताखालच्यांचं यश ते आपलंच.

११ एप्रिल

घरात सारखा बामचा वास. झोपमोड होते. ताईने भावजींना विचारलं, काय झालं? भावजी म्हणाले, टायर बदलताना कंबर जरा धरली. आज चहाही उभ्यानेच प्यायले. उभं राहिल्याने पचन सुधारतं असं मी कुठेतरी वाचलंय.

मी त्यांना समजावलं की आपल्या ऑर्थो गादीने आठ दिवसांत कंबर सरळ होते. मी रोज दहा लोकांना सांगतो, खोटं कसं असेल. माणूस दिवसभर गाद्या वाहतो आणि घरी सतरंजीवर झोपतो, हे बरं नाही.

भावजी म्हणाले, “मला आता गादी बघवत नाही रे.”

धंद्यावरची श्रद्धा उडाली की असं होतं. त्यांना वेळ काढून मोटिव्हेट करायचं.

(या आठवड्यात माझ्या विक्रीत चौथा मजला दोनदा, पाचवा एकदा. उंचावर राहणारे लोक मला जास्त मानतात.)

१९ एप्रिल

डिस्प्लेची मोठी स्प्रिंगची गादी सवलतीत काढायची होती. एकच पीस. सकाळी एका नर्सबाईंना विकली. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा येऊन बघून पाठवायला सांगते म्हणाल्या. दुपारी एक शिंपी आला, त्याला तीच आवडली. आता आवडलेली वस्तू माणसाला नाही म्हणून सांगायची? त्यालाही दिली. संध्याकाळी बँकेतला एक नवरदेव आला. नवीन संसार. त्याचं तोंड पाडणं माझ्या स्वभावात नाही.

तिघांनाही रविवारी या म्हटलं. तोवर काहीतरी होईल. तिघांतला एक तरी मन बदलतोच.

बाईंचा दुसरा अर्थ आठवला. पण तो खुर्च्यांचा आहे. गादीवर लागू होत नाही.

२२ एप्रिल, रविवार

तिघंही आले. तिघंही वेळेवर. आजकाल लोकांना दुसरा उद्योग नाही.

नर्सबाई रात्रपाळी करून थेट आल्या होत्या. बघते म्हणून आडव्या झाल्या आणि झोपल्या. शिंप्याने आपली टेप काढून उरलेली बाजू मोजली आणि तिथे बसून घेतलं. नवरदेव हातात बूट धरून पायथ्याशी टेकला. शिंपी म्हणाला, गादी माझी आहे, ह्या कोण? नवरदेव म्हणाला, गादी माझी आहे, तुम्ही दोघं कोण? नर्सबाई झोपेतच म्हणाल्या, सलाईन संपलं की आवाज द्या.

एका गादीवर तीन गिऱ्हाइकं, हटायला कुणी तयार नाही. अशी मागणी या दुकानाने कधी बघितली नसेल. मालकांना मी तसं म्हणालोही. मालक इंग्रजीत सुरू झाले, मध्येच थांबले आणि पाणी प्यायले.

लोकरकाकू म्हणाल्या, “पाटी खरी करून दाखवलीस बाबा.”

शेवटी मालकांनी कंपनीत फोन करून आणखी दोन पीस मागवले. आजच मिळतील म्हणाले. तिघांच्याही घरी आजच पोचवायचं कबूल झालं. कबूल मी केलं, कारण बाकी सगळे गप्प उभे होते. नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर. नवरदेव पाचव्या. शिंपी तळमजल्यावर दुकानात, पण झोपतो पोटमाळ्यावर, वर जायला लाकडी शिडी.

भावजी दाराशी दोरी गुंडाळत उभे होते. मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, यावेळी मी येतो हात लावायला.

२२ एप्रिल, संध्याकाळ

जाणारच होतो. निघालोही होतो. वाटेत एका इमारतीच्या खिडकीतून पियानो खाली उतरवत होते. दोरखंड, कप्पी, खाली सहा जण. असं दृश्य रोज दिसत नाही. मी थोडा थांबलो, दोन सूचनाही केल्या. एवढं जड सामान एकट्याने उचलायचं नसतं, हे तिथे चांगलं समजलं.

तोवर भावजींनी दोन गाद्या पोचवल्या होत्या. तिसऱ्या गादीला, शिंप्याच्या शिडीवर, त्यांची कंबर गेली. शिंप्याने गादी खाली ओढली आणि भावजींना तिच्यावरच झोपवलं. मग दुकानात फोन करून शेजारच्या पेंटरला बोलावलं. पेंटरने टेम्पो चालवत त्यांना घरी आणलं, मागे गादीवर आडवे, वर ताडपत्री.

टेम्पो मी का आणला नाही असं ताईने विचारलं. मुलाखतीत मी मालकांना टेम्पो येतो म्हणालो होतो. येतो म्हणजे मी टेम्पोत बसून बरेचदा आलोय, त्या अर्थाने.

२३ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. झोपायचं कडक जमिनीवर, मऊ गादी बिलकूल नाही. मी त्यांना आपल्या सात थरांबद्दल सांगत होतो तर त्यांनी ताईला विचारलं, हे कोण? डॉक्टरांना फोमचं ज्ञान बेताचं आहे.

माझी हॉलमधली जागा भावजींना दिली. मी स्वयंपाकघरात, फ्रिजजवळ. फ्रिज झोपेत दचकतो.

२४ एप्रिल

लोकरकाकू भावजींना बघायला घरी आल्या. कंबरेला गुंडाळायचा लोकरीचा पट्टा आणला होता. म्हणजे इतके दिवस विणत होत्या तो स्वेटर नव्हता, किंवा होता आणि वाटेत पट्टा झाला.

त्यांनी चहा पिता पिता ताईला सांगितलं ते इथे लिहितो. लिहायचं म्हणून लिहितो. मालकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं की हा मुलगा गिऱ्हाइकांना वर नेऊन देतो म्हणून सांगतो, तर प्रत्येक वेळी हमाल लावायचा आणि महिनाअखेर मुलाला निरोप द्यायचा. तेव्हा भावजी म्हणाले, हमाल नको, मी नेतो वर. तीन महिने होऊ देत.

म्हणजे टायर बदलला नव्हता.

काकू गेल्यावर ताई माझ्याशी बोलायला आली. ती ओरडेल म्हणून मी तयारी करून बसलो होतो. ती ओरडली नाही. म्हणाली, “एवढे मजले चढले, घरी येऊन एकदाही तुझं नाव घेतलं नाही त्यांनी.”

मी म्हटलं, मी कुणाला एकट्याने न्या म्हटलं नव्हतं. मुंग्यासुद्धा एकट्याने उचलत नाहीत. आणि विकताना हवा करावीच लागते, धंदा आहे.

ताई म्हणाली, “बाबा हवा तरी मोजून भरतात.”

माझी बॅग माळ्यावरून खाली काढून दाराशी ठेवली आहे. रिकामी आहे. पण ठेवली आहे.

६ मे

मी डगमगणारा नाही. विक्री चालू. टेम्पोवर रोजंदारीचा माणूस आहे, तो पहिल्या मजल्याच्या वर जात नाही, त्यामुळे माझ्या कबुलीच्या चार गाद्या चार इमारतींच्या जिन्याखाली पडून आहेत. लोकांचे फोन येतात. मालक फोन माझ्या हातात देतात. मी सांगतो, फोमला जिन्याखाली दोन दिवस श्वास घेऊ द्यायचा असतो.

माउथ ऑर्गन शिकायला घेतला. चित्त शांत राहतं. माझं. बाकीच्यांचं त्यांनी बघावं.

भावजी आज भिंतीला धरून चार पावलं चालले. मी शाबास म्हटलं. त्यांनी मान हलवली. आतापर्यंत ही मान मी ओळखतो असं मला वाटत होतं.

१८ मे

ऑर्थो गादीवर एक आजोबा झोपून बघत होते. विचारलं, याने कंबर खरंच बरी होते का? मी तोंड उघडलं आणि आठ दिवसांत म्हणायच्या जागी खोकला आला. फोमची धूळ. लोकरकाकू बघत होत्या. त्यांना वाटलं असेल मी अडखळलो. मी अडखळत नाही. धूळच होती.

५ जून

ट्रायल संपली. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी पाटी पुसून गेलो होतो. वाटलं होतं इंग्रजीत मोठं भाषण होईल. पण मालक आज पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत बोलले.

म्हणाले, तुला काढणार होतो. तुझे भावजी सकाळी येऊन गेले, पट्टा बांधून. उभे राहूनच बोलले. पुन्हा तुझ्यासाठीच. तर आता असं. उद्यापासून तू दुकानात विकायचं नाही, टेम्पोवर जायचं. भावजी चालवतील, उचलायचं नाही त्यांनी काहीही. उचलशील तू. तू ज्या ज्या गिऱ्हाइकाला जे जे सांगितलंयस ते ते तूच वर नेऊन द्यायचं, मजला कितवा का असेना. आणि गिऱ्हाइकाशी गादीबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

मी विचारलं, कायम?

मालक म्हणाले, “कायम.”

घरी सांगितलं की कायम झालो. फिल्ड वर्क आहे, दुकानात बसून माणूस गंजतो. जेवणं झाल्यावर बघितलं तर दाराशी बॅग नव्हती. माळ्यावर परत गेली होती.

पाटी खिळ्यावरून काढून सोबत घेतली. पदवी एकदा मिळाली ती मिळाली.

१२ जून

अंगाचा एकही भाग असा नाही की जो दुखत नाही. तरी लिहितो.

या आठवड्यात जिन्याखालच्या चारही वर नेल्या. गादी ही वस्तू किती वाईट आहे हे विकणाऱ्याला कळत नाही. धरायला कान नाही, कडी नाही. वळणावर अडकते, मग मागे येते आणि आपल्याच अंगावर झोपते. चौथ्या मजल्यावरचे ते उशीवाले नवराबायको जिन्यात भेटले, त्यांनी ओळखलं. विचारलं, अंतराळवाला ना तू?

आज इंग्रजीच्या बाईंची गादी. त्यांच्या मापाची, कंपनीतून इतक्या दिवसांनी बनून आली. आणि नेमकी कडक काथ्याची, म्हणजे वजन डबल. भावजींनी टेम्पो दाराशी लावला, इंजिन बंद केलं, पट्टा सारखा केला आणि खिडकीतून वर बघत म्हणाले, “पाचवा.” मग सीट मागे करून पेपर उघडला.

दुसऱ्या मजल्यावर मी बसलो. तिसऱ्यावर गादी बसली. चौथ्यावर दोघंही. पाचव्यावर बाईंनी दार उघडलं तेव्हा मला पाटी, पदवी, मामा, काही आठवत नव्हतं.

गादी पलंगावर घातली. पलंग डुगडुगला. बाई पलंगाच्या पायाकडे बघत राहिल्या. त्यांना मी काय कबूल केलं होतं ते माझ्या आधी त्यांनाच आठवत होतं. आखूड पायाखाली घालायला काही सापडेना. शेवटी पिशवीतून पाटी काढली आणि सरकवली. नीट बसली. अक्षरं खालच्या बाजूला गेली. पलंग हलायचा थांबला.

बाई गादीच्या कडेला बसल्या, हाताने दाबून बघितलं आणि विचारलं, “कशी आहे रे?”

मी तोंड उघडलं. सात थर आठवले, अंतराळ आठवलं. पण दम पुरेना. छातीत जेवढी हवा होती तेवढ्यात दोनच शब्द मावत होते.

“गादी आहे.”

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, पहिल्यांदा तुझं बोलणं पटलं मला. माझी धाकटी बहीण याच इमारतीत, वर राहते, तिलाही अशीच हवी होती, पण तुमच्या दुकानात बडबड फार म्हणून ती येत नव्हती. तिच्यासाठी एक पाठव. तूच घेऊन ये.

म्हणजे ही विक्री माझी. माझी एकट्याची. लोकरकाकूंचा हात लागलेला नाही.

खाली आलो. भावजींनी पेपर बाजूला करून विचारलं, काय म्हणाल्या?

मी म्हटलं, आणखी एक लागली. बहिणीला.

“कितवा?”

मी इमारतीकडे बघितलं. पाच मजले संपले की त्याच्यावर एक होता. सकाळी तो मला दिसला नव्हता.

भावजींनी चावी फिरवली. हसत होते का ते कळलं नाही, मान मात्र हलत होती.